उजव्या पाकळीचं पाणी

"हिला जरा नीट बसवा," महिपत म्हणाला.

येसूबाईनं सुनेच्या काखेत हात घालून तिला बसतं केलं. हौसा बसली म्हणजे भाताचं पोतं भिंतीला टेकवावं तशी बसली. तिचं सव्वा महिन्याचं पोर येसूबाईच्या मांडीवर किंचाळत होतं, पण तिची मान काही तिकडे वळली नाही. ती वाघजाईच्या देवळाच्या दारातून बाहेर बघत होती. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. जांभ्या दगडाचा गडगा आणि त्यावर वाळत टाकलेलं कुणाचं तरी लुगडं.

"काय व्हतंय हौसा?"

"बाव रडतेय, भावजी." ती हळूच म्हणाली. "रातभर रडते. तुमाला आयकू येत नाय?"

"आयकलंस?" येसूबाई म्हणाली. "घरात पोर रडून निळं पडलंय ते हिला आयकू येत नाय. खालच्या वाडीची पान्याची बाव रडलेली तेवडी येते. लवूला मुंबैला तार करू म्हटलं तर तो तिकडं गोदीत. येऊन काय करणार? बायको बगून पळेल."

गावकार भिकाजी खांबाला टेकून तंबाखू मळत होता. "म्हयपता, तू दिसभर येड्यांत आसतंस. तुला कळंल तर तू सांग, नायतर वाघजाय आईला इचार. दोगांतल्या एकाला तरी म्हायत आसंल."

चारजण हसले. महिपतला हसू आलं नाही. हौसाला काय झालंय हे त्याला पक्कं माहीत होतं. बाळंतपणानंतर येणारं हे वेड त्यानं पुस्तकात वाचलं होतं, त्यावर परीक्षेत उत्तर लिहिलं होतं आणि दवाखान्यात अशा बायका बऱ्या होऊन घरी गेलेल्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. पण तो हे सांगणार कुणाला? दवाखान्यात तो संडास धुणारा आणि गावात गुरवाचा पोरगा. दोन्ही ठिकाणी त्याच्या मताला कवडीची किंमत नव्हती. किंमत होती ती दोन पाकळ्यांना.

कौल असा लावतात. गुरव देवीच्या पाषाणाला उजवीकडे एक नि डावीकडे एक अशा फुलाच्या पाकळ्या पाण्यानं चिकटवतो. मग गाऱ्हाणं घालतो, म्हणजे माणसाचं दुःख देवीच्या कानावर घालून प्रश्न विचारतो. उजवी आधी पडली तर देवी हो म्हणाली, डावी पडली तर नाही. एवढ्यावर इथे लग्नं ठरतात, जमिनी वाटल्या जातात नि माणसं जगतात-मरतात. महिपतचा बाप सखाराम चाळीसेक वर्षं हेच करत आला होता. आता त्याच्या गुडघ्यांनी दावा मांडला होता, म्हणून सुट्टीच्या दिवशी महिपत पाषाणापुढे बसायचा आणि बाप कोपऱ्यात पाय पसरून लक्ष ठेवायचा.

महिपतनं डाव्या पाकळीला नेहमीसारखं पाणी लावलं. उजवीला मात्र बोट नुसतं टेकवल्यासारखं केलं.

"आये वाघजाये, हे तुजं लेकरू तुज्या पायाशी आलंय. तिच्या डोळ्याला झोप नाय, पोटाला अन्न नाय. तिला मिरजोळ्याच्या रस्त्याच्या दवाखान्यात न्यावं म्हनतात. तुजी मर्जी आसंल तर उजवा दे."

"व्हय म्हाराजा," मागून सगळे म्हणाले.

उजवी पाकळी वाळली आणि पडली. येसूबाईनं पोराला वर धरून कपाळाला हात लावला. सखाराम गुरवानं लेकाकडे बघितलं, नुसतं बघितलं, आणि तोंड फिरवलं.

महिपत सखाराम गुरव, बी.ए., एम.ए., मानसशास्त्र. गुरवाच्या पोराला हा विषय कुठून सुचला? देवळातूनच. लहानपणापासून तो बघत आला होता की माणसं येतात, दगडापुढे बसतात आणि घरात जे बोलायची चोरी ते तिथे बोलतात. बोलून झाल्यावर कौल पडायच्या आधीच त्यांचा चेहरा उतरलेला असतो तो जरा वर येतो. दगडाला काही कळत नाही, बापाला थोडं कळतं, तर हे पुरतं कळणारी विद्या कुठेतरी असणार. रत्नागिरीच्या कॉलेजात त्या विद्येचं नाव सापडलं आणि पोरगा फसला.

फसलाच म्हणायचं. कारण त्या विद्येचा घाट चढायला जी माणसं असतात ती वेगळी असतात. रोग्यांशी बोलून उपचार करायचे तर नुसती पदवी चालत नाही, बंगळूरला नाही तर रांचीला जाऊन दोन वर्षं शिकावं लागतं. बंगळूरला तो एकदा जाऊन आला. तिथल्या इंग्रजीपुढे त्याची जीभ टाळ्याला चिकटली. मग सुरू झाल्या आडवाटा. शाळेत गेला, मुलांशी बोलायला मला ठेवा म्हणाला. हेडमास्तर म्हणाले, त्यासाठी छडी आहे. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका साहेबानं विचारलं, मानसशास्त्र ते ठीक, पण टायपिंग येतं का? समाजकार्याची पदवी घ्या असाही सल्ला मिळाला. ती मुंबईत. सल्ला देणाऱ्याचा भाऊ मुंबईत राहत होता, महिपतचं कुणी नव्हतं. शेवटी एका शहाण्यानं कानमंत्र दिला: पुढच्या दारानं घेत नाहीत ना, मग मोरीतून शीर. एकदा आत गेलास की गुण दिसतील.

धर्मादाय ट्रस्टच्या त्या मनोरुग्णालयात महिपत परिचर म्हणून मोरीतून शिरला आणि मोरीतच राहिला. रोग्यांना आंघोळ घालणं, लादी पुसणं, अंगावर येईल त्याला धरणं. गुण दिसले, नाही असं नाही. दांडगाई करणारा रोगी महिपतच्या नुसत्या बोलण्यानं खाली बसतो हे सगळ्यांना दिसलं. म्हणून मग दांडगाई करणारे सगळे रोगी महिपतच्या वाट्याला आले. गुणाचं बक्षीस गाढवाला मिळतं तेच त्याला मिळालं, आणखी ओझं.

दवाखान्यात एक खोली होती. दारावर पाटी: मानसशास्त्रज्ञ. आत टेबल, दोन खुर्च्या आणि शाईचे डाग दाखवून मन ओळखायच्या कार्डांची पेटी. माणूस नव्हता. तेवढ्या पगारात रत्नागिरीत यायला बाहेरचा कुणी शिकलेला तयार नव्हता आणि इथे असलेला शिकलेला चालत नव्हता. खोलीची किल्ली महिपतकडे असायची. झाडायसाठी.

हौसा त्याच दवाखान्यात आली. डॉक्टरबाईंनी गोळ्या सुरू केल्या. झोप लागायला लागली, मग जेवण सुरू झालं, मग बाव रडायची थांबली. दुपारी काम आवरलं की महिपत व्हरांड्यात तिच्याजवळ बसायचा.

"भावजी, मी पोराला मारनार व्हते."

"ठाव हाय."

"तुमाला कुनी सांगितलान?"

"कुनी नाय. तुला तसं वाटलं आसंल म्हटलं."

"तुमी कुनाला सांगशाल?"

"नाय."

तिनं भिंतीकडे तोंड केलं. मग रडली. रडून झाल्यावर म्हणाली, "सासूला सांगा पोराला घेऊन या. त्याचं तोंड कसं हाय तेच मला आठवत नाय."

पोर आणलं. तिनं त्याला पालथं घालून, उताणं करून, बोटं मोजून बघितलं, बाजारात नारळ बघावा तसं. मग पदराखाली घेतलं. डॉक्टरबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी महिपतला बाजूला घेतलं.

"तुमच्या हाताला हे जमतं, महिपत. मी ट्रस्टींशी बोलले आहे. रांचीला प्रवेश मिळाला तर दोन वर्षं ते तुम्हाला पाठवतील. परत येऊन ती खोली तुमची."

त्या संध्याकाळी महिपतनं खोली झाडली आणि पहिल्यांदाच टेबलामागच्या खुर्चीत बसून बघितलं. खुर्ची एका पायानं डुगडुगत होती.

हौसा शिमग्याला घरी गेली. "दिवाळीपर्यंत गोळ्या बंद करायच्या नाहीत," डॉक्टरबाईंनी येसूबाईला सांगितलं. महिपतनं तेच वाडीत जाऊन पुन्हा सांगितलं. येसूबाई म्हणाली, "आईनंच धाडलान, आईच बरं करील." महिपतला ते खटकलं नाही. उलट बरं वाटलं. माणसाचा आनंद त्याला असा आंधळा करतो.

आषाढात तो रांचीला गेला. एसटीनं कोल्हापूर, तिथून गाड्या बदलत. मुलाखत घेणारी माणसं सभ्य होती. त्यांनी त्याला बसा म्हटलं, चहा दिला. दवाखान्यात इतकी वर्षं आहात म्हणता, नेमकं काय करता? त्यानं सांगितलं. एकानं दुसऱ्याकडे बघितलं. अनुभव म्हणून हा धरता येत नाही, असं त्यांनी अगदी हळुवारपणे सांगितलं, रोग्याच्या नातेवाइकाला वाईट बातमी सांगतात तसं. शिवाय वय. धन्यवाद.

तिकडे गावात भाताची लावणी तोंडावर आली होती. गोळ्यांनी हौसा सकाळी उठेना. बाकीच्या सुना रोपांचा तरवा काढायला वाफ्यात उतरल्या तरी ही पोराला कुशीत घेऊन गाढ. लोक बोलायला लागले. गोळ्या बंद करायच्या की नाही, विचारायचं कुणाला? दवाखान्यात जायचं तर लावणीचा दिवस मोडतो. महिपत परमुलखात. आणि तिला दवाखान्यात धाडलान कुणी? आईनं. मग आईलाच विचारायला नको?

सखाराम गुरव गुडघे धरत उठला नि पाषाणापुढे बसला. गोळ्या बंद करायच्या तर उजवा दे, असा त्यानं कौल लावला. उजवी पाकळी पडली. गोळ्या बंद झाल्या.

महिपत एसटीतून उतरला तेव्हा फाट्यावर भिकाजी गावकार इरलं पांघरून उभा होता. आज त्यानं टोमणा न मारता महिपतच्या हातातली पिशवी घेतली.

"खालच्या बावीत," भिकाजी म्हणाला. "परवा पहाटे. पोर घरात व्हतं. पोराला काय केलान नाय तिनं. नीट निजवून गेली."

महिपत घरी आला. बाप पडवीत बसला होता.

"आबा, कौल लावलास?"

"लावला."

"मला इचारायचंस तरी. मी येईपातूर थांबायचंस."

"इचारायला तू व्हतंस कुठं? सायब व्हायला गेलावतंस." सखारामाचा आवाज चढला नाही. "मी डोळे मिटून लावला, म्हयपता. दोनी पाकळ्यांना सारकं पानी. तुज्यागत चोरलं नाय. इतकी वर्सं मी आईच्या तोंडात माजा शबूद घातला नाय."

महिपतला बोलायचं होतं पुष्कळ. की तुझ्या खरेपणानं एक बाई मेली. की माझ्या लबाडीनं ती जगली होती. पण बापाचे ते सुजलेले गुडघे बघून त्याला कळलं की म्हातारा गेल्या दोन रात्री हेच स्वतःला म्हणत बसलाय. आणि खरं सांगायचं तर लबाडी नुसती पाकळी पाडण्याची नव्हती. आपलं म्हणणं त्यानं दगडाच्या तोंडून वदवलं होतं. मग त्याच्या माघारी लोकांनी पुढचं दगडालाच विचारलं, यात लोकांचं काय चुकलं?

दवाखान्यात त्यानं खोलीची किल्ली डॉक्टरबाईंच्या टेबलावर ठेवली.

"झाडायला कोण जाणार मग?" त्या म्हणाल्या.

त्यानं किल्ली परत उचलली.

हौसाचं दिवसकार्य उरकलं आणि पुढच्या सुट्टीला येसूबाई देवळात आली. एकटीच. खांद्यावर पोर, हातात नारळ. बाहेर पाऊस रपरपत होता म्हणून देवळात दुसरं कुणी नव्हतं. सखाराम कोपऱ्यात घोंगडी पांघरून पडला होता.

"आईला इचारायचंय," ती म्हणाली. "ती सुटली का बावीतच ऱ्हायली. सुटली आसंल तर उजवा पडंल. रातच्याला पानी वाजतंय म्हनतात बायका. पानी भरायला जाईनात. लवू आलाय, तो तर येड्यासारका बावीच्या काठावर बसून ऱ्हातोय."

महिपतनं ताटातली कण्हेर घेतली. दोन पाकळ्या तोडल्या. तांब्यात बोट बुडवलं. त्यानं ठरवलं होतं की आयुष्यात पुन्हा पाणी चोरायचं नाही. पडेल ते पडो. त्यानं डावी पाकळी नीट भिजवून लावली. उजवी भिजवायला बोट पुन्हा तांब्यात घातलं.

"म्हयपता."

त्यानं मागे बघितलं.

"त्या दिशी उजवीला तू पानी लावलंच नव्हतंस," येसूबाई म्हणाली. "मी समोर बसले व्हते. डोळे काय फुटले नव्हते माजे."

कोपऱ्यातली घोंगडी हलली नाही.

"मंग बोललीस का नाय, काकी?"

"काय बोलायचं? पोरगी बरी व्हायला पायजे व्हती." तिनं पोराला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "गोळ्यांचं इचारायला आले तवा मनात म्हटलं, मागच्या टायमाला मानसाचा कौल घेतला, आता आईचा बी घेऊ. दोगांचा मान ऱ्हाईल."

पत्र्यावर पाऊस वाजत राहिला. पोरानं तिच्या गळ्यातली पोत तोंडात घातली होती, ती तिनं सोडवली नाही.

"आज आईचा नको," ती म्हणाली. "तुजा लाव."

महिपतचं ओलं बोट तांब्यावर तसंच राहिलं. मग त्यानं ते धोतराला पुसलं, चांगलं कोरडं होईपर्यंत पुसलं, आणि उजवी पाकळी उचलली.