कोच उतरून गेले त्या डिसेंबरची गोष्ट

मित्रांनो, ब्रायर फोर्क कॉलेजच्या मैदानामागे, बर्फ हटवायच्या ट्रकशेजारी उभी असलेली हिरवी-पांढरी बस म्हणजे मी. आता मी जुनी झाले आहे. पुढच्या चाकांतली हवा गेली आहे आणि मागच्या एका खिडकीला काचेऐवजी पत्रा ठोकला आहे. पण माझी आठवण शाबूत आहे. त्यातली एक आठवण आजही मला टोचते, म्हणून तुमच्यापाशी बोलते.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका थंड गावातल्या कारखान्यात झाला. पहिली काही वर्षे मी एका शहरातून दुसऱ्या शहरात प्रवासी नेले. सुट्टीवर घरी निघालेले सैनिक, लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या आया, झोपेने डोळे मिटलेल्या नर्सबाई, अशी कितीतरी माणसे माझ्यात बसून गेली. पुढे कंपनीने नव्या बस घेतल्या आणि मला डोंगरातल्या या कॉलेजने विकत घेतले. कॉलेजच्या फुटबॉल संघाला गावोगावी न्यायचे, हे माझे काम झाले. आमच्याकडचा फुटबॉल म्हणजे लांबुळका चेंडू हातात धरून, धडका देत आणि खात पुढे न्यायचा खेळ. त्या खेळावर आमचे गाव जेवढे बोलते, तेवढे देवावरही बोलत नाही.

माझी ड्रायव्हर होती अर्लीन. आधी ती कोळशाचे ट्रक चालवायची. चढ लागला की माझ्या स्टिअरिंगवर थोपटून म्हणायची, “चल गं म्हातारे, एवढा घाट काढ, मग उतारच आहे.”

सुरुवातीची वर्षे फार वाईट गेली. आमची पोरे सगळीकडे हरत. परतताना माझ्यात ओल्या मोज्यांचा आणि दुखण्यावर चोळायच्या मलमाचा वास भरलेला असे आणि कुणी कुणाशी बोलत नसे. पेट्रोल पंपावरचा माणूस हसत विचारी, “काय अर्लीन, आज किती मार खाल्ला?”

“तू डिझेल भर आणि तोंड बंद ठेव,” अर्लीन म्हणे.

मग कोच रे ड्रिस्कल आले. ते शेजारच्याच खोऱ्यातले, खाणकामगाराचा मुलगा. एका पायाने जरा लंगडत. उभे आयुष्य त्यांनी दुसऱ्या कोचच्या हाताखाली काढले होते. पहिल्याच प्रवासात ते दाराजवळच्या बाकावर बसले आणि ती त्यांची जागा झाली. दर प्रवासात ते एकदा उठत, माझ्या मधल्या वाटेने शेवटपर्यंत जात आणि प्रत्येक पोराला काहीतरी विचारत. एकाला गणिताच्या परीक्षेचे, एकाला आजीच्या मोडलेल्या हाडाचे. ते कधी ओरडत नसत. त्यांचा आवाज खाली गेला की पोरे घाबरत.

हळूहळू आम्ही जिंकू लागलो. एके वर्षी तर आम्ही अशा एका विद्यापीठाला हरवले, ज्याच्या स्टेडियममध्ये आमचा सगळा जिल्हा बसूनही खुर्च्या उरल्या असत्या. गावात दुकानादुकानांत कोचचे फोटो लागले. न्हावी त्यांच्याकडून पैसे घेईना. चर्चमध्ये त्यांच्या गुडघ्यासाठी प्रार्थना झाली. कॉलेजने संघाला विमानाने पाठवायचे ठरवले, तेव्हा कोच म्हणाले, “विमानात पोरं कानात बोळे घालून झोपतात. बसमध्ये बोलतात तरी. आम्ही अर्लीनबरोबरच जाणार.”

त्या उन्हाळ्यात मला नवा रंग मिळाला. बाकांना नवी कापडे आली. मुले माझ्यापुढे उभी राहून फोटो काढत. मित्रांनो, मला फार अभिमान वाटायचा. कोच जे काही करतील ते बरोबरच असणार, असे गावाला वाटे आणि मलाही.

संघात टेव्हियन नावाचा एक खेळाडू होता. तो दूर अलाबामाहून आलेला. चेंडू लांब आणि अचूक फेकण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नसे. त्याचे दुसरे वर्ष संपताना एका मोठ्या विद्यापीठाने त्याला आपल्या संघात खेळायला बोलावले. ऑफिसात सगळ्यांचे कान टवकारलेले असतात म्हणून कोच त्याला माझ्यात घेऊन आले. मी मैदानाकडेला उभी होते. दोघे समोरासमोरच्या बाकांवर बसले.

“तुला जायचंय?” कोचनी विचारले.

“कोच, आमच्या गल्लीतल्या पोरांनी त्या मैदानाचं गवत फक्त टीव्हीवर बघितलंय. आई म्हणते, अशी बोलावणी पुन्हा येत नाहीत.”

“तुझ्यासारख्याला येतात. आपलं काम इथं अर्धं झालंय, टेव्हियन. मी कुठे जात नाहीये. तूही जाऊ नकोस.”

टेव्हियन बराच वेळ बाकाची शिवण नखाने उकरत राहिला. मग त्याने तिथूनच आईला फोन लावला. “आई, मी इथंच राहतोय. हो गं, विचार करूनच. कोच आहेत ना इथं.”

कोचनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. दोघे हसत उतरले. त्या संध्याकाळी मला वाटले होते, याहून चांगले बोलणे माझ्यात कधी झाले नाही.

मग डिसेंबर आला. आम्ही देशपातळीवरच्या उपांत्य सामन्याला निघालो होतो. जिंकलो, तर शेवटचा सामना तीन आठवड्यांनी होता. कॉलेज तिथवर याआधी कधीच पोहोचले नव्हते. सकाळची वेळ, रस्त्याच्या दोन्ही कडांना बर्फ, आणि पोरे मागे गाणी म्हणत होती.

अचानक मागच्या बाकावर कुणाचा तरी फोन वाजला. मग दुसरा. मग एकदम दहा-बारा. “ए, हे बघ,” कुणीतरी हळूच म्हणाले. गाणे अर्ध्यात थांबले आणि ती शांतता एकेक बाक ओलांडत पुढे सरकत आली. बातमी अशी होती की कोच ड्रिस्कल एका मोठ्या व्यावसायिक संघाचे कोच होणार.

कोच खिडकीबाहेर बघत होते. त्यांना मागची शांतता ऐकू आली असणारच.

टेव्हियन उठून पुढे आला. “कोच, बातमी खरी आहे?”

अर्लीनचा पाय किंचित ढिला झाला. माझा वेग कमी झाला.

“खरी आहे,” कोच म्हणाले.

“कधी ठरलं?”

“काल दुपारी मी होकार दिला.”

“काल संध्याकाळी आपण शेजारी बसून जेवलो, कोच. बटाटे इकडे सरकव म्हणालात. आणखी काहीच बोलला नाहीत.”

“सामना झाल्यावर सांगणार होतो. तुमचं लक्ष उडायला नको म्हणून.”

“आता लागलंय वाटतं लक्ष!” मागून कुणीतरी ओरडले.

“तू गप्प रे,” टेव्हियन मागे वळून म्हणाला. मग पुन्हा कोचकडे बघून, “आणि आज जिंकलो तर? फायनलला कोण?”

“बॉयड बघेल.” बॉयड म्हणजे त्यांचे सहायक. ते बिचारे समोरच्या बाकावर मान खाली घालून बसले होते. “तिकडचे लोक थांबायला तयार नाहीत. मी आज तिथूनच जाणार आहे.”

मग कोच अगदी खालच्या आवाजात म्हणाले, “मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे, पोरा. तरुणपणापासून या एका फोनची वाट बघत होतो. आता नाही म्हटलं, तर पुन्हा कुणी विचारणार नाही मला.”

“मीही हेच म्हणालो होतो, कोच. इथंच बसून. तुम्ही म्हणालात, येतात बोलावणी.”

कोच पुन्हा खिडकीकडे वळले. तो माणूस खोटा नव्हता, मित्रांनो. त्याचे स्वप्नही खोटे नव्हते. पण टेव्हियनचेही खोटे नव्हते, आणि ते त्याने कोचच्या शब्दावर सोडून दिले होते. माझ्या पोटात चाळीस पोरे बसली होती आणि मला त्यांच्यासाठी काही करता येत नव्हते, सरळ रस्त्याने चालण्याखेरीज.

“जा बाळा, जागेवर बस,” अर्लीन म्हणाली. “पुढे वळणं आहेत.”

सामना मी पाहिला नाही. स्टेडियमबाहेर उभी राहून नुसता गलका ऐकला. आमची पोरे जिंकली. टेव्हियनने आयुष्यातला सगळ्यात चांगला खेळ केला, असे नंतर सगळे म्हणाले. पण पोरे माझ्यात चढली तेव्हा कुणी गात नव्हते. एकाने हेल्मेट बाकावर आपटले आणि तो रडत बसला.

थोड्या वेळाने कोच आले. जरा अंतरावर त्यांच्यासाठी एक काळी गाडी उभी होती. ते माझ्या पायरीवर चढले आणि दांडी धरून उभे राहिले.

“पोरांनो,” ते म्हणाले.

कुणी खिडकीबाहेर बघत होते, कुणी बुटांकडे. टेव्हियन मात्र सरळ त्यांच्याकडे बघत होता.

“आज तुम्ही...” तिकडून, काळ्या गाडीजवळून, सुटातला एक माणूस ओरडला, “मिस्टर ड्रिस्कल, विमान थांबलंय!”

अर्लीन पुढे वाकून हलकेच म्हणाली, “रे ड्रिस्कल, बोल त्यांच्याशी. पाचच मिनिटं. मी इंजिन बंद करते.”

“नाही गं बोलवत,” कोच म्हणाले. त्यांनी बाकाखालची आपली पिशवी उचलली, अर्लीनच्या खांद्याला हात लावला आणि ते उतरून गेले. दार अर्लीनने बराच वेळ उघडेच ठेवले. थंडी आत येत राहिली. शेवटी बॉयड म्हणाले, “बंद कर आता.”

दिवेलागणीला आम्ही गावात पोहोचलो. मैदानाबाहेर मोठी गर्दी होती, पण जयजयकार नव्हता. हार्डवेअरच्या दुकानदाराने कोचचा फोटो काचेवरून फाडून आणला होता आणि पायाखाली टाकला होता. गर्दीच्या कडेला एक बाई मोठे पातेले धरून एकटी उभी होती. ती कोचची बायको, नडीन; आमच्याकडच्या रीतीप्रमाणे पोरे तिला आदराने मिस नडीन म्हणत. सामन्याहून पोरे आली की ती घेवड्याची आणि मांसाची तिखट उसळ घेऊन यायची. त्या दिवशीही आली होती. काय ऐकून घ्यावे लागेल हे माहीत असून आली होती.

“काय बाई, सामान बांधून झालं का?” कुणीतरी ओरडले.

“आमच्या जिवावर मोठे झालात आणि निघालात!”

नडीन हलली नाही. टेव्हियन आधी उतरला. गर्दी बाजूला झाली, सगळ्यांना वाटले आता हा काहीतरी बोलणार. तो सरळ तिच्याकडे गेला आणि त्याने पातेल्याचा एक कान धरला.

“जड आहे हो, मिस नडीन. एकटीनं कशाला उचललंत?”

“मला वाटलं, आज तुम्ही हातही लावणार नाही.”

“भूक लागलीय. रागही आलाय. दोन्ही आहे.”

दुकानदार पुढे झाला. “त्याच्या बायकोच्या हातचं खाणार तू?”

“खाणार,” टेव्हियन म्हणाला. “यांनी मला कसलाच शब्द दिला नव्हता.”

मग बाकीची पोरेही उतरली आणि दोघांच्या भोवती चालू लागली. सगळ्यांनी ती उसळ माझ्यातच बसून खाल्ली, कागदी वाट्यांतून, बाहेर लोक पांगेपर्यंत. खाताना एकाने विचारले, “तुम्हाला तरी जायचंय का तिकडं, मिस नडीन?”

“मला कुणी विचारलं नाही, बाळा,” ती म्हणाली आणि वाट्या गोळा करू लागली.

शेवटचा सामना आम्ही वाईट हरलो. पुढच्या काही महिन्यांत निम्मी पोरे दुसऱ्या कॉलेजांत निघून गेली. टेव्हियनलाही पुष्कळांनी सांगितले की आता तूही सूट. पण ते मोठे विद्यापीठ आता दुसऱ्याला घेऊन मोकळे झाले होते आणि त्याचे शिक्षक व्हायचे शिक्षण एका वर्षाने पुरे होणार होते. तो राहिला. खूश होऊन राहिला असे मी म्हणणार नाही. कोच ड्रिस्कल तिकडे बरे चालवतात असे ऐकते. पेट्रोल पंपावरच्या टीव्हीवर त्यांचे सामने लागतात, पण आवाज बंद असतो.

नवे कोच पेटग्रू आले, तेव्हा पहिल्या प्रवासात ते माझ्या मधल्या वाटेत उभे राहिले. “मित्रांनो, मी तुम्हाला शब्द देतो की...”

“शब्द नको, कोच,” टेव्हियन बसल्या जागेवरून म्हणाला. “जायचं ठरलं की आधी आम्हाला सांगा. टीव्हीवाल्यांच्या आधी. बास.”

पेटग्रूंनी त्याच्याकडे नीट पाहिले. “सांगेन,” ते म्हणाले.

ते काही वर्षे राहिले. थोडे जिंकले, जास्त हरले. टेव्हियन तोवर अलाबामाला मुलांना शिकवायला गेला होता. मग पेटग्रूंचे वडील अंथरुणाला खिळले आणि त्यांना घरच्या शेतीवर परतावे लागले. एका हरलेल्या सामन्यानंतर, मी निघायच्या आधी, ते उठले आणि आपण जाणार हे त्यांनी पोरांना स्वतःच्या तोंडाने सांगितले. सांगताना ते अडखळले. दोन पोरे रडली. एकाने त्यांना तोंडावर शिवी दिली. ती त्यांनी उभ्याने ऐकून घेतली, “तुझं बरोबर आहे,” म्हणाले, आणि मग त्याच पोराच्या शेजारी बसून घरापर्यंत आले.

माझ्या नोकरीचे ते शेवटचे काही महिने होते. आता नवी बस आली आहे. अर्लीन अधूनमधून येते, माझ्यावरचा बर्फ झाडते आणि जाते. मला कुणी रंग लावावा असा माझा हट्ट नाही.

पण मित्रांनो, एक मागणे आहे. मोठे झाल्यावर तुम्हालाही कुठून तरी बोलावणे येईल. जरूर जा. जन्मभर कुणी एका बाकावर बसून राहत नाही. फक्त ज्यांनी तुमच्या शब्दावर आपले काही सोडले असेल, त्यांना ते दुसऱ्याकडून कळू देऊ नका. त्यांच्यासमोर उभे राहा, त्यांचा राग अंगावर घ्या, आणि मग उतरा. मागे वळून हात करता येईल, असे उतरा.