धुऱ्यावरचा हिवर

मी हिवर बोलतोय, बाभळीच्या कुळातला काटेरी वृक्ष. मूर्तिजापूरजवळ, दोन शेतांमधल्या धुऱ्यावर माझा जन्म झाला. मला कोणी लावलं नाही. एका बकरीनं शेंग खाल्ली, तिच्या लेंडीतून बी पडलं आणि मी उगवलो.

शेताचे मालक सूर्यभान तेव्हा तरणेबांड होते. धुरा साफ करताना त्यांचा विळा माझ्यापाशी आला आणि थांबला. "राहू दे याले. उन्हाचं बसाले होईल," ते बायकोला, वच्छलाबाईंना म्हणाले.

चाळीस वर्षं त्या दोघांनी माझ्या सावलीत भाकर खाल्ली. पावसाळ्यात मला फिकट पिवळी फुलं येत, मधमाश्या घोंगावत. सुगरणींनी फांद्याफांद्यांना खोपे टांगले. माझ्या काट्यांचा त्यांना आधार वाटे.

मग शेत मुलाच्या, गजेंद्रच्या हाती आलं. त्यानं रोपवाटिकेतून परदेशी झाडं आणली. झटपट वाढणारी, बारा महिने हिरवी. त्यांच्या रांगेत मी आडवा येत होतो.

"हे काट्याचं झाड कावून ठेवाचं?" तो म्हणाला.

"अरे, खोप्यात पिल्लं हायेत," वच्छलाबाई म्हणाल्या. "महिनाभर थांब."

"झाडं कापाची मशीन आजच आली, आई. बाबा, तुमी सांगा."

सूर्यभान आपल्या पायांकडे पाहत राहिले. पोराशी वाद नको, एवढंच मनात असावं. ते गप्प राहिले, तोच होकार ठरला.

मी पडलो. खोपे चिखलात गेले. वच्छलाबाईंनी तीन पिल्लं पदरात घेतली. दिवस मावळेपर्यंत एकही जगलं नाही. ते पाहून गजेंद्रनं मशीन परत पाठवली, पण तोवर माझं व्हायचं ते झालं होतं.

पुढच्या पावसाळ्यात सुगरणी आल्या. नव्या झाडांवर घटकाभर टेकल्या, घिरट्या घातल्या आणि निघून गेल्या.

आता मी नुसता बुंधा आहे. यंदा बुडातून एक कोंब फुटला. सूर्यभान काठी टेकत आले, कोंबाभोवती बोरीच्या काट्या रोवल्या आणि माझ्याशेजारी बसले.

"त्या दिवशी मी तोंड उघडाले पायजे होतं रे," ते पुटपुटले.

या कोंबाची सावली पडायला बरीच वर्षं लागतील. तेवढी त्यांच्यापाशी नाहीत, हे आम्हा दोघांनाही कळतं.

तुमच्या धुऱ्यावर आपसूक उगवलेलं एखादं झाड असेल ना? त्याला बोलता येत नाही. तुम्ही बोला. पण वेळेवर बोला.