स्नायूंचं ऐकणारा डबा

मित्रांनो, मी एक जुना कान आहे. दिसायला मात्र करड्या पत्र्याचा डबा. अंगातून वायरी लोंबतात, त्यामुळे नवा माणूस आला की आधी मोबाईल चार्जिंगला लावायला माझ्याजवळ येतो. त्याची चूक नाही. मीही स्वतःला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तेच समजलो होतो.

स्नायू कामाला लागला की त्यात बारीकशी वीज खेळते. तुमच्याही खेळते. तिच्यावर दिवा लागत नाही, उगाच प्रयत्न करू नका. ती वीज कातडीवरून ऐकायची आणि पडद्यावर तिची रेष काढायची, हे माझं काम. स्नायूने जोर लावला की रेष उसळते. स्नायू गप्प बसला की रेष आडवी होते.

कारखान्यात मला एका तपासनिसाच्या दंडाला चिकटवलं. त्याने मूठ आवळली, माझी रेष उसळली, आणि मी पास झालो. तेवढी सोपी परीक्षा मला पुन्हा कधी मिळाली नाही.

मग मी खेळाडूंच्या तपासणीच्या खोलीत आलो. तिथे एक खाट होती, एक पळता पट्टा होता आणि एक खिडकी होती, जी उघडत नसे. मला चालवायची ती ताई. सगळे तिला ताईच म्हणत. ती आधी कातडीवर स्पिरिटचा बोळा फिरवी, मग माझ्या वायरींच्या टोकाच्या चकत्या चिकटवी. एक वेटलिफ्टर होता, दारातून आडवा होऊन आत यायचा. तो बोळा पाहूनच पांढरा पडला. "ताई, सुई नाही ना?" गोलकीपरच्या पोटऱ्या चेंडू सुटायच्या आधीच बोलू लागत, तोंड मात्र गोल झाल्यावर. एकदा एका पोहणाऱ्याच्या पाठीवरच्या चकत्या पाण्यात सुटल्या आणि मी बराच वेळ तलावाचे स्नायू मोजत होतो. तलाव तंदुरुस्त निघाला.

तेव्हा माझं फार कौतुक होई. पण वय कुणाला सुटलंय? पुढे माझी डावी वायर सैल झाली. ताई टपली मारी, मी चालू होई. म्हाताऱ्यांना बहुतेक ठिकाणी असंच चालू ठेवतात.

त्याच सुमाराला नाकतोडी आली. लांब उडी मारायची. हे नाव तिच्या मामाने ठेवलं होतं, आणि मामाच तिला शिकवत होता. ती शाळेत बाकांवरून उड्या मारायची तेव्हापासून तो तिच्यामागे स्टॉपवॉच घेऊन पळत होता. आता संघाची निवड तोंडावर आली होती. उडी बसली की ती संघात. त्यापुढे दोघांना काही दिसत नव्हतं.

ताईने तिला पट्ट्यावर पळवलं. उजव्या मांडीची मागची बाजू ओरडत होती. डावी जवळजवळ गप्प. आणि उडी ती डाव्या पायावर घ्यायची.

"सर, डावा स्नायू कामच करत नाहीये," ताई म्हणाली. "असं उडवलंत तर फाटेल."

"ताई, पाय नाही, तुमचा डबा म्हातारा झालाय. त्याची डावी वायर सैल आहे, हे शेंबडं पोरही सांगेल."

शंका रास्त होती. म्हणून ताईने वायरींची अदलाबदल केली. डाव्या पायाची उजव्याला, उजव्या पायाची डाव्याला. वायर बिघडली असेल तर गप्प रेष जागच्या जागी राहणार. पाय बिघडला असेल तर ती दुसऱ्या बाजूला जाणार.

नाकतोडी पळाली. रेष दुसऱ्या बाजूला गेली.

मामा टाळी वाजवून हसला. "बघा! आता उजवी बंद! मघाशी डावी, आता उजवी! हा डबा आहे की हवामान खातं?"

"सर, वायरी आपण बदलल्या. उजव्या जागी आता डावाच पाय दिसतोय. डबा बरोबर आहे."

मामाचं हसू जागीच थांबलं. त्याला कळलं होतं. मी पाहिलं. नाकतोडीनेही पाहिलं. ती पटकन पट्ट्यावरून उतरली आणि चकत्या उपटू लागली. "राहू दे गं ताई. मला काही होत नाही. म्हाताऱ्या डब्याचं काय ऐकायचं?"

मामाने सुटकेचा श्वास टाकला.

मला तोंड नाही, मित्रांनो. मला रेष काढता येते. आडवी रेष याहून आडवी काढता येत नाही.

निवडीच्या दिवशी पळत येतानाच, उडीच्या फळीच्या अलीकडे, तिची मांडी फाटली. दुसऱ्या दिवशी ताई आली आणि मला चालू न करता नुसती खाटेवर बसून राहिली, तेव्हा मी ओळखलं.

नंतर बिनवायरीचं नवं यंत्र आलं. मला कोपरा मिळाला. वेटलिफ्टर माझ्यावर केळ्याची सालं ठेवी.

पुष्कळ महिन्यांनी नाकतोडी काठी टेकत आली. नवं यंत्र संघातल्या मुलींना लावलेलं होतं, म्हणून ताईने माझी धूळ पुसली. सोबत मामा होता. त्याचे कपडे त्याला मोठे झाले होते.

ताई म्हणाली, "टाच दाब." रेष जराशी उठली, थरथरली, पडली. मामा खाटेशी वाकला.

"दुखतंय का गं?"

"नाही रे मामा! उलट गुदगुल्या होतात," ती म्हणाली आणि दात दाखवून हसली.

ताईने आता तिला पाय सैल सोडायला सांगितलं होतं, तरी माझ्या पडद्यावर रेष पुन्हा उसळली; तिची मांडी कळ दाबत दगडासारखी आवळली होती. मामाने रेषेकडे पाहिलं. या वेळी त्याने मला नावं ठेवली नाहीत. "बरं," एवढंच म्हणाला आणि तिचा मोजा नीट करत बसला. मोजा नीटच होता.

मित्रांनो, जुनी यंत्रं पुसत जा, त्यांना केळ्याच्या सालांपासून वाचवा, हे आहेच. पण तुमचं माणूस हसून "काही होत नाही" म्हणालं, तर तिथेच थांबा आणि पुन्हा विचारा. आणि उडीच्या आधी विचारा. नंतर विचारलंत, तर ते तुमचं मन सांभाळून उत्तर देतं.