मेणाच्या डब्याची बाजू

मी एक जुना मेणाचा डबा आहे. आधीच सांगतो मित्रांनो, मी रडगाणं गायला बसलेलो नाही. माझ्यावर आळ आला होता आणि तो साफ खोटा होता.

एका सुताराने मधमाश्यांचं मेण वितळवलं, पातेलं खाली उतरवून त्यात टर्पेंटाईन घातलं आणि ते माझ्यात ओतलं. लाकूड घासून गुळगुळीत झालं की शेवटचा हात माझा. माझ्यातही खोड्या आहेत, त्या मी लपवत नाही. गडद लाकडाच्या बारीक छिद्रांत मी पांढरा दिसतो, म्हणून तिथे तपकिरी मेणाचा माझा शेजारी डबा घ्यावा. गरम कप आणि सांडलेलं पाणी मला सोसत नाही, तेव्हा जेवणाच्या टेबलापासून मला लांब ठेवा. पण फिक्या लाकडाचं लिहायचं टेबल माझ्याकडे द्या आणि मग बघा!

सुताराचा हात थरथरू लागला तशी त्याची लेक कामाला उभी राहिली. बाबांचं फडकं कसं फिरतं, कुठे दाबतं, सगळं तिनं डोळ्यांत साठवलं होतं. तिचं पहिलं काम म्हणजे शेजारच्या गल्लीतल्या शिक्षिकाबाईंचं टेबल. तिनं मला भरपूर लावलं आणि लगेच खसाखसा पुसायला घेतलं.

तिसऱ्या दिवशी बाई वही घेऊन हजर.

"अगं, वह्या चिकटतात टेबलाला! हे बघ, एकीचं कव्हरच निघून आलं."

लेकीचा चेहरा उतरला. बापाला लेकीला रागावून बोलवेना, म्हणून तो माझ्यावर घसरला.

"मेण नासलंय. टाक तो डबा."

चोर सोडून संन्याशाला फाशी! मी भुशाच्या टोपलीत जाऊन पडलो. इतकी वर्षं या घराची टेबलं उजळली, आणि मी नासका?

"डबा टाका नाहीतर ठेवा," लेक म्हणाली, "मला नाही जमायचं हे काम."

बाई काही हलल्या नाहीत. "नासलंय ना? मग लावून दाखवा. गणित चुकलं की मी मुलांना फळ्यावर सोडवायला लावते."

सुताराने मला टोपलीतून काढलं, भुसा झटकला, एका फळीवर माझा पातळ हात दिला. मग हात पुसून थर्मासमधला चहा ओतला.

"बाबा, थांबलात का?"

"थांबलो कुठे? चहा पितोय."

"रोज असंच करता?"

"मेण लावलं की चहा. माझ्या बाबांपासून चालत आलंय."

कप रिकामा झाला तोवर मी सुकून धुरकट झालो होतो. त्याने फडकं फिरवलं आणि फळी उजळली. बाईंनी तिच्यावर वही ठेवली, ती सुळकन घसरली.

"पण मी चहा पीतच नाही!" लेक ओरडली.

बाबांची प्रत्येक हालचाल तिनं उचलली होती, फक्त तो चहा सोडून. मला सुकायला तेवढाच वेळ लागतो.

"हे सांगायचं मला कधी सुचलंच नाही गं," सुतार हळूच म्हणाला.

त्याच संध्याकाळी ती मला घेऊन बाईंकडे गेली आणि तिनं टेबलावर माझाच पातळ हात फिरवला. त्याने आधीचं जाड मेण सैल झालं, ते तिनं पुसून काढलं. ज्याला नासका म्हटलं त्यानंच ते निस्तरलं, मित्रांनो. माझी माफी कुणी मागितली नाही. मला ती नकोही होती.

लेक अजून चहा पीत नाही. मला लावलं की ती बाबांना कप भरून देते आणि तो संपेपर्यंत त्यांच्याशेजारी बसते.

आता माझा तळ दिसू लागला आहे. म्हणून मला जपून ठेवू नका, वापरा. थोडंच घ्या, थांबा, मग पुसा, आणि झाकण तेवढं घट्ट लावा. कुणाच्या तरी टेबलावर संपायला मी तयार आहे. फळीवर पडून वाळायला मुळीच नाही.