पक्का टाका

उल्हासनगरात गाड्यांची सीट कव्हरं शिवणारे ढीगभर, पण हरिचंद्राचा टाका कधी उसवला नाही. हे तो स्वतःच सांगायचा, आणि कुणी न विचारता. नव्या गाड्यांत पुढच्या सीटला पट्टे येऊ लागले, तेव्हा गिऱ्हाइकांच्या डोळ्यांत तो खटका खुपायचा, पट्टा ज्यात अडकवतात तो. हरिचंद्र खटका खाली दाबून वरून कव्हर शिवून टाकायचा. सीट कशी, एकदम गुळगुळीत! मूर्खपणाला सफाई म्हणायची आपल्याकडे रीतच आहे.

त्याची लेक अंजनी शिरगावात दिलेली. जावई आनंदा यानं नवी गाडी घेतली, तशी हरिचंद्रानं मखमली कव्हरं भेट दिली.

"मामा, माझ्या बाजूचा खटका बाहेर ठेवा हां. मुंबईत हवालदार पकडतो," आनंदा म्हणाला.

"आणि माझा?" अंजनीनं विचारलं.

"तुला कोण हवालदार पकडतोय? साडी चुरगळेल उगाच. गप बस!" हरिचंद्र म्हणाला, आणि सगळे हसले. अंजनीसुद्धा.

पुढच्याच रविवारी दोघं बारवी धरणावर गेली. येताना उतारावर ब्रेक लागेना, आणि गाडी उभ्या ट्रकवर जाऊन आदळली. आनंदाच्या छातीवर पट्ट्याचा निळा वळ उठला, बाकी काही नाही. अंजनी काच फोडून बाहेर फेकली गेली. ती जागीच गेली.

"मी ओरडलो, मामा, पट्टा लाव म्हणून," दवाखान्यात आनंदा सांगत होता. "तिनं ओढला पण. अडकवणार कुठं? नखांनी शिलाई उसवत होती हो शेवटपर्यंत."

करावं तसं भरावं म्हणतात. इथं केलं बापानं, भरलं लेकीनं.

पोलीस चौकीच्या आवारात गाडी उभी होती. हरिचंद्रानं डाव्या सीटवर हात फिरवला. मखमल ओरबाडलेली होती, शिवणीत एक तुटकं नख अडकलं होतं. टाका एकही सुटला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपल्या हातांची किळस आली.

त्यानं खिशातलं पातं काढलं आणि शिवण कापायला बसला. चार पदरी दोरा. धारदार पातं, सरावाचा हात, तरी खटका बाहेर यायला पाच मिनिटं लागली.

खटका कोरा होता. त्यावरचं कारखान्याचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालं नव्हतं.