मैनाच्या पापणीची छागल

मी एक जुनी छागल आहे. जाड खाकी कापडाची पाण्याची पिशवी, तोंडाला लाकडी बूच आणि गळ्यात दोरी. मित्रांनो, आज माझ्या पोटाला तीन ठिगळे आहेत, पण माझ्या तरुणपणी माझे पाणी प्यायला अचलपूरच्या गाडीतले प्रवासी गर्दी करत. अमरावतीच्या एका ताडपत्री शिवणाऱ्या म्हाताऱ्याने मला शिवले. शेवटचा टाका घालताना तो म्हणाला, "झिरपशीन त गार करशीन." तोच माझा गुरुमंत्र. माझ्या अंगातून पाणी पाझरते, त्याला वारा लागतो आणि आतले पाणी गार होते. अंग कोरडे पडले की मी नुसती पिशवी!

वलगावचे जानराव एस.टी.चे ड्रायव्हर होते. त्यांनी मला गाडीच्या पुढे टांगले. वैशाखातल्या रखरखाटातही माझे पाणी प्यायलेला माणूस "वा!" म्हटल्याशिवाय राहत नसे. मी अगदी फुगून गेले होते. माझी ही घमेंड जानरावांच्या मुलीने, मैनाने उतरवली.

मैनाची डाव्या डोळ्याची पापणी जन्मापासून अर्धी खाली आलेली होती. नजर स्वच्छ होती, पण लोक तिला झोपाळू म्हणत. काही टवाळ तर म्हणत, ही डोळा मारते. मास्तरणीच्या ट्रेनिंगला गेली तेव्हा वर्गाच्या फोटोत ती मान वळवून उभी राहिली. त्या फोटोत तिचा एकच डोळा आहे. १९६३ च्या एप्रिलमध्ये तिची परीक्षा संपली. जूनअखेर हिवरखेडच्या शाळेत हजर व्हायचे होते. त्याआधी पापणीचे ऑपरेशन करून घ्यायचेच, असे तिने ठरवले.

अकोल्याच्या डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितले की नजरेला धोका नाही, हे केवळ दिसण्यासाठी आहे. मग काय, गावाला चघळायला विषय मिळाला. तिच्या आई केशरबाई तर कपाळाला हात लावून बसल्या. "रूपासाठी कोनी डोयावर सुरी चालवून घेते काय व?"

मैना शांतपणे म्हणाली, "माय, मले सारे दिसतात. मीच कोनाले पुरी दिसत नाई."

त्या दिवशी जानरावांनी मला धुवायला घरी आणले होते. खुंटीवरून मी हे ऐकले आणि ही मुलगी मला फार आवडली.

ऑपरेशन झाले. पाच दिवसांनी पट्टी सुटली तेव्हा पापणी पिकलेल्या जांभळासारखी सुजली होती. डॉक्टरांनी बजावले, पाणी उकळून गार करा, त्याच्या थंड घड्या मिटल्या डोळ्यावर ठेवा, धुळीचा कण लागू देऊ नका, आणि तीन आठवडे आरशात पाहून निकाल लावू नका. गावात बर्फ कुठला? जानरावांनी गाडीवरून मला सोडवले आणि मैनाच्या सेवेला घरी आणले.

केशरबाईंनी डॉक्टरांचा शब्द तंतोतंत पाळला. इतका, की पाण्याला धूळ लागू नये म्हणून मला मेणकापडात गुंडाळून सुतळीने आवळले आणि आतल्या खोलीत ठेवले. मैनालाही त्याच खोलीत बसवले, दार लोटले, तोंडावर पदर ओढायला लावला. बुद्धाची दीक्षा घेतल्यापासून त्या घराच्या दारावर लिंबू-मिरची लागली नव्हती, पण लोकांच्या नजरेची धास्ती काही गेली नव्हती.

तिसऱ्या दिवशी माझ्यातले पाणी चुलीवरून उतरवल्यासारखे कोमट झाले. घड्यांनी आराम पडेना. सूज वाढली, डोळा मुळीच उघडेना. केशरबाई रडू लागल्या, "अर्धा होता, थो बी गेला!"

मित्रांनो, मला लाज वाटली. ज्या एका कामासाठी मी जन्मले, तेच माझ्याकडून होत नव्हते.

मैनाने चाचपडत माझ्यावर हात फिरवला. मेणकापड! वेदनेतही ती हसली. "माय, हिले बांधून काहून ठेवलं?"

"धूळ लागू देऊ नोका म्हने ना डाक्तर!"

"वारा नाई लागला त पानी गार कसं होईन व माय?"

तिने सुतळी सोडली आणि मला अंगणातल्या मांडवाच्या बल्लीला टांगले. मग क्षणभर थांबली, तोंडावरचा पदर काढला आणि माझ्या शेजारी, मांडवाच्या सावलीत, साऱ्या गल्लीसमोर खाट टाकून बसली. शेजारच्या माणिकबाई धावत आल्या. "बाप्पा! भुंगा डसला काय व?"

"नाई काकू, ऑपरेशन केलं. सुजनारच."

बस्स, एवढेच. त्यानंतर विचारण्यासारखे कोणाजवळ काही उरले नाही. मी मोठमोठ्या घाटांत गाडी सांभाळणारे ड्रायव्हर पाहिले आहेत, पण असे धैर्य पाहिले नाही. मी जीव ओतून पाझरू लागले. केशरबाई तासातासाला उकळून वाळवलेल्या फडक्याची घडी भिजवून लेकीच्या डोळ्यावर ठेवत. सूज उतरली. चौथ्या आठवड्यात पापणी वर गेली. झोपेत ती किंचित उघडी राहते, रात्री मलम लावावे लागते, हे मैनाने हसत मान्य केले.

ती मला हिवरखेडला घेऊन गेली. कितीतरी उन्हाळे मी शाळेच्या दारात टांगलेली होते. आता तिथे माठ आला आहे, मी कपाटामागे पडून असते, उंदरांनी मला कुरतडले आहे. माझी एक विनंती ऐका. ज्याला जपायचे आहे त्याची काळजी जरूर घ्या, पण त्याला गुंडाळून ठेवू नका. त्याला थोडा वारा लागू द्या.

कपाटावर शाळेचा एक फोटो आहे. मधोमध मैनाबाई बसल्या आहेत. डावी पापणी उजवीपेक्षा केसभर खाली आहे, पण मान वळवलेली नाही. त्यांच्या मागे दारात मी आहे, आणि माझ्याखालची जमीन ओली आहे.