रुपरावांच्या वजनाचा गूळ

वजनाचा काटा दोन महिन्यांत जागचा हलला नव्हता. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी चष्मा काढून रुपरावांकडे पाहिलं.

"खरं सांगा, खाता काय?"

"ज्वारीची भाकर अन् वरण. भात सोडला, साखर सोडली. रोज पहाटे तलावाले चकरा मारून राहिलो."

"मग वजन उतरायला हवं होतं. एवढ्या पोटावर हर्नियाचे टाके टिकायचे नाहीत. उतरवून या, मग ऑपरेशन."

हा १९७४ सालचा पावसाळा. रुपराव साठीला टेकलेले, इतवारीत धान्याचे व्यापारी. वजन उतरवायचं त्यांनी चाळिशीत ठरवलं होतं, पन्नाशीतही. दोन्ही वेळा दिवाळीच्या फराळाने बेत मोडला. या खेपेची गोष्ट वेगळी होती. उन्हाळ्यात शेजारचा दुकानदार ताराचंद याच्या मुलाच्या लग्नात ते पंगतीतून उठायला गेले आणि जांघेत अशी कळ आली की उठवेना. दोघांनी काखेत हात घालून त्यांना उपसून काढलं. "पत्रावळ धरून बसले का जी?" कोणीतरी विचारलं आणि अख्खी पंगत हसली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी डॉक्टर गाठला होता.

दोन महिने जीव मारला, तो यासाठी? धुमसतच ते घरी आले. बायको भागीरथाबाई भिवापूरला भावाकडे गेल्या होत्या. सून पुष्पलताने ताट वाढलं. भाकरीचा तुकडा मोडला, तर कडक.

"काहून वं, जुनी ज्वारी दळली का?"

"नाही मामाजी, तीच हाय. आपल्या दुकानातली."

"ती तं लोण्यासारखी मऊ लागते."

सासूचं गुपित फोडताना पुष्पलताने मान खाली घातली. "आत्याबाई पिठात तूप घालतात जी. वरणातही."

रुपरावांचा घास तोंडातच राहिला. यंदाची ज्वारी फार मऊ, असं ते दोन महिने गिऱ्हाइकांना सांगत होते. पोत्यात हात घालून धान्याचं गाव ओळखणाऱ्या माणसाला पिठातलं तूप ओळखू आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भागीरथाबाई परतल्या. त्यांनी पिशवीही खाली ठेवली नव्हती, तोच रुपराव गरजले.

"मले मारतं का वं?"

"ओरडून काहून राहिले जी? डॉक्टरनं ऑपरेशन सांगतलं त्याच दिवशी मी टेकडीच्या गणपतीले नवस बोलली. सारं नीट झालं तं यांच्या वजनाइतका गूळ देईन. आता तुमी वाळून गेले, तं देवाचा तेवढा गूळ आपण मारला नाही का?"

"वजन उतरल्याबिगर तो मले चिरतच नाही, बाई!"

"तो डॉक्टर हाय. त्याले नवसातलं काय समजते?"

"मंग आत्ताच देऊन टाकू."

"काम व्हायच्या आधी? देवाले लाच देता का?"

रुपरावांनी कपाळावर हात मारला. डॉक्टरला वजन कमी हवं आणि देवाला होतं तेवढंच! बराच वेळ ते तणतणत येरझारा घालत राहिले. मग एकदम थांबले.

"वजन उतरलंच नाही. म्हणजे तू बोलली तेव्हा होतं, तेच आज हाय. आजच मोजू. गूळ देवाच्या नावानं घरात ठेवू. ऑपरेशन झालं का नेऊ. मंग मी वाळलो तरी देवाचं काही बुडत नाही."

भागीरथाबाईंना यात खोट सापडेना.

सकाळी दुकानातल्या मोठ्या काट्याच्या एका पारड्यात रुपराव पाय पोटाशी घेऊन बसले, दुसऱ्यात हमाल मारोतराव गुळाच्या भेल्या रचू लागला. ते बघायला गर्दी जमली, समोरची दुकानं ओस पडली. "शेटजी, कोन्या भावानं जी?" कोणीतरी ओरडलं. रुपराव दात आवळून बसले. पारडी सारखी झाली, तेव्हा भागीरथाबाईंनी आणखी एक भेली वर ठेवली. "वरून असू दे."

कोठीत ओल होती, म्हणून गुळाची थप्पी स्वयंपाकघरात लागली, रुपरावांच्या पाटासमोर. दमट हवेत गुळाला वास सुटला होता. ताटात कोरडी भाकर पडली आणि त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं.

"एक खडा तोडला तं?"

"देवाचा हाय तो," भागीरथाबाई म्हणाल्या आणि तुपाची बरणी उचलून वरच्या फळीवर ठेवून आल्या.

रुपरावांनी पाट भिंतीकडे फिरवला आणि भाकर मोडली.